गेलं का तुझं ते?

क्रायो, म्हणजे ताल बिघडवणारी हृदयातली जागा आतून गोठवायची प्रक्रिया, करून या नोव्हेंबरात सहा वर्षं झाली. भेटेल तो एकच विचारतो, “मग, गेलं का तुझं ते?” पहिली अडीच वर्षं मी ठणकावून ‘हो’ म्हणायचे. मग काही महिने विषय बदलायचे. आता कुणी विचारलं की मी वही काढते, आणि विचारणाऱ्याला पश्चात्ताप होतो.

‘ते’ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात एएफ. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात आणि नाडीचा ताल पार सुटतो. मला ते जिने चढताना कधी झालं नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलं की व्हायचं. पोत्यात घातलेलं मांजर धडपडावं तसं छातीत सुरू व्हायचं आणि तास-दोन तासांनी आपोआप थांबायचं. दोन गोळ्या करून झाल्या. एकीने मी दिवसभर पेंगायचे, दुसरीने चार महिने साथ दिली आणि मग हात वर केले. रक्त पातळ करणारी गोळी वेगळीच, ती गाठ होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. फुप्फुसांतून रक्त घेऊन डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या साधारण चार शिरा असतात. बहुतेकांचा एएफ तिथून निघणाऱ्या चुकार ठोक्यांनी पेटतो, हे 1998 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. शिरा काढून टाकायच्या नसतात. त्यांच्या तोंडाशी गोल व्रण करायचा, म्हणजे तिथली वीज कप्प्यात पोचत नाही. व्रण उष्णतेने करतात किंवा थंडीने. “दोन्हीत डावं-उजवं काही नाही,” असं ते म्हणाले. 2016 मध्ये साडेसातशेहून अधिक रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती, तिचा निष्कर्षही तसाच होता. त्यांचा हात थंडीवर बसलेला होता, म्हणून थंडी. मला हे कारण पटलं.

मला पूर्ण भूल दिली नव्हती, गुंगी होती. जांघेतल्या शिरेतून नळी वर गेली, कप्प्यांमधला पडदा बारीक टोचून डावीकडे पोचली. तिच्या टोकाला 28 मिलिमीटरचा फुगा. तो शिरेच्या तोंडावर बुचासारखा बसवतात आणि आत नायट्रस ऑक्साइड सोडतात. कुणीतरी आकडे मोठ्याने वाचत होतं: उणे तीस, उणे चाळीस, उणे सत्तेचाळीस. छातीत काहीच कळत नव्हतं. कपाळाच्या मागे मात्र बर्फाचा मोठा घास एकदम गिळल्यावर उठते तशी कळ आली. सिस्टर म्हणाल्या, “येते पुष्कळांना, जाईल आत्ता.” गेली.

उजव्या बाजूच्या शिरांच्या वेळी गंमत झाली. माझं पोट लयीत उडायला लागलं, उचकी लागल्यासारखं. श्वासपटलाला जाणारी नस तिथून अगदी जवळून जाते. ती गोठू नये म्हणून तिला मुद्दाम विजेचे हलके झटके देत राहतात आणि एक जण बरगडीखाली हात ठेवून बसतो. उडी मंद झाली की गोठवणं तिथल्या तिथे बंद. माझ्या चौथ्या शिरेला, म्हणजे उजव्या खालच्या, असंच झालं. “थांबा,” असा आवाज आला आणि गॅस बंद. नस वाचली. त्या शिरेचं काम मात्र दुसऱ्यांदा फुगा बसवून जरा आखडत्या हाताने पुरं केलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर पाच तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच. जांघ पंधरा दिवस काळीनिळी होती. गिळताना दुखलं किंवा ताप आला, अगदी काही आठवड्यांनी आला तरी, लगेच कळवायचं असं बजावलं होतं, कारण अन्ननलिका हृदयाला पाठीमागून चिकटून असते. तसं काही झालं नाही.

मला सांगितलं नव्हतं ते वेगळंच निघालं. माझी शांत बसतानाची नाडी आधी 62 असायची, ती 78 झाली. मी घाबरून फोन केला. शिरांच्या तोंडाशी ठोके मंद करणाऱ्या नसांचे पुंजकेही असतात, तेही थोडे गोठतात, म्हणून असं होतं, असं कळलं. वर्षभरात नाडी 70 वर आली. दुसरं म्हणजे तिसऱ्याच आठवड्यात एएफ परत आला, चांगला तीन तास. मी रडले. पण पहिले दोन-तीन महिने जखम भरत असते, तेव्हाचा एएफ अपयशात धरत नाहीत. हे आधी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती.

मग खरंच काही नाही. अडीच वर्षं. वहीत नुसत्या तारखा.

2022 च्या मे महिन्यात पहाटे चाळीस मिनिटं. जूनमध्ये दोनदा. सात दिवसांचा होल्टर, म्हणजे सतत ठोके नोंदवणारं अंगावरचं छोटं यंत्र, लावला, त्यात मला न जाणवलेलेही तुकडे सापडले. “म्हणजे फुकट गेलं?” असं मी विचारलं. त्यावर डॉक्टरांनी मला एक हिशेब समजावला, जो मी आजही सगळ्यांना ऐकवते. अभ्यासांमध्ये 30 सेकंदांचा एएफ सापडला तरी तो ‘परत आला’ असं धरतात. तीस सेकंद! 2023 साली कॅनडातल्या एका चाचणीचे तीन वर्षांचे निकाल आले. सगळ्यांच्या छातीत त्वचेखाली नोंदयंत्र बसवलेलं होतं. पहिला उपाय म्हणून गोळ्यांऐवजी क्रायो केलेल्यांपैकी 56.5 टक्क्यांना काहीतरी गडबड परत आली होती, गोळ्यांवाल्यांत 77.2 टक्के. एवढंच वाचलं तर क्रायो कशाला करायचं असं वाटेल. पण आपणहून न थांबणारा एएफ क्रायोवाल्यांत 1.9 टक्के आणि गोळ्यांवाल्यांत 7.4 टक्के होता. त्या चाचणीत माझ्यासारखी आधीच गोळ्या करून थकलेली माणसं नव्हती, त्यामुळे ते आकडे मी जसेच्या तसे स्वतःला लावत नाही. तरी ‘परत आला का’ यापेक्षा ‘किती वेळ आला’ हे विचारायचं असतं, एवढं मला तेव्हा कळलं. क्रायोच्या आधी महिन्याला वीसेक तास होते. तेव्हा दोन.

पण वाढत होते. झोपेची तपासणी झाली, तेव्हा घोरताना श्वास अडतो हे निघालं. यांनी वीस वर्षं तेच सांगितलं होतं, मी मनावर घेतलं नव्हतं. रात्री मशीन लावायला लागले, आठ किलो वजन उतरवलं. तरी उरलं तेव्हा 2023 मध्ये दुसऱ्यांदा टेबलावर गेले, या वेळी उष्णतेच्या पद्धतीने. आत पाहिलं तर तीन शिरा तशाच बंद होत्या. चौथीतून, त्या उजव्या खालच्या शिरेतून, वीज परत वाहायला लागली होती. तेवढीच दुरुस्ती केली.

तेव्हापासून वहीत दोन नोंदी: 11 मिनिटं, आणि तापात 4 मिनिटं. रक्त पातळ करणारी गोळी चालूच आहे. ठोके सुधारले म्हणून ती थांबत नाही. मला बीपी आहे आणि पासष्टी उलटली, त्यावर ते ठरतं. यावर मी डॉक्टरांशी दोनदा भांडले, दोन्ही वेळा हरले.

परवा हे म्हणाले, “अगं, सात महिने काही लिहिलं नाहीस. वही दे, दुधाचा हिशेब लिहितो.”

दिली नाही.