अंगठीच्या आतला ९१६

परवा अंगठी घासताना आतल्या बाजूला बारीक ९१६ दिसलं, इतकी वर्षं बोटात घालून फिरतेय आणि कधी नीट बघितलंच नव्हतं! म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, तेच आपलं २२ कॅरेट, बाकी तांबं-चांदी वगैरे, कारण २४ कॅरेट इतकं मऊ असतं की रोजच्या वापरात वाकतं, चरे पडतात. १८ कॅरेटवर ७५० असतं, हिऱ्याच्या खड्यांना तेच बरं, पकड घट्ट राहते.

धुवायला कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचा लिक्विड सोप आणि जुना मऊ ब्रश, बास. टूथपेस्ट अजिबात नको, चरे पडतात (मी केलंय हे). मोती असतील तर भिजवायचं नाही, आणि स्विमिंग पूलला जाताना अंगठी काढूनच ठेवा, क्लोरीन त्या मिसळलेल्या धातूंना खातं.