अकरा वर्षे उभी असलेली पद्मिनी : सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग

मामांची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी सोलापूरच्या पूर्व भागात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अकरा वर्षे उभी होती. फेब्रुवारीत आम्ही काही मित्रांनी जुन्या गाड्यांची एक छोटी रॅली ठरवली आणि दुरुस्तीवर तीस हजारांहून अधिक खर्च करायचा नाही, असा नियम केला. ब्रेक आणि टायर यांचा खर्च मात्र या हिशेबात धरायचा नव्हता. अशी रॅली कोणी ठरवणार असेल, तर ही सवलत अवश्य ठेवावी, कारण मर्यादा घातली की माणूस पहिली काटकसर नेमकी तिथेच करतो.

गाडी चालून जेवढी झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून बिघडते, हे एअर फिल्टरचे झाकण उघडताच दिसले. आत उंदराने घरटे केले होते आणि ते शेजारच्या यंत्रमागांवरून उचललेल्या लाल, हिरव्या, निळ्या चादरीच्या सुताचे होते. त्याच उंदराने डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या वायरींचे आवरणही कुरतडले होते. बॅटरी जोडण्याआधी प्रत्येक वायर हाताने चाचपून पाहावी, हा माझा पहिला सल्ला आहे.

मी उत्साहाने इंजिनाकडे वळलो होतो, पण मेस्त्रींनी थांबवले. "दादा, आधी गाडी थांबते का बघा. पळवायचं नंतर बघू." पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम उघडले तेव्हा तीन व्हील सिलिंडर, म्हणजे ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबणारे छोटे सिलिंडर, गंजून पक्के अडकलेले निघाले. आम्ही चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर आणि सर्व ब्रेक होज बदलले. टायरवर नक्षी भरपूर होती, पण बाजूच्या भिंतींना बारीक भेगा पडल्या होत्या. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरवर ३२०८ होते, म्हणजे २००८ सालचा बत्तिसावा आठवडा. असे टायर कितीही चांगले दिसले तरी काढून टाकावेत.

इंजिन चावी फिरवून सुरू करण्याची घाई केली नाही. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडे थोडे इंजिन ऑइल सोडले, रात्रभर तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवला. १०८९ सीसीचे ते इंजिन अखेर मोकळे फिरले, तेव्हा मामा काही न बोलता बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

खरा वेळ पेट्रोलच्या मार्गाने घेतला. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला रोगणासारखा वास येत होता. टाकी उतरवून, बारीक खडी घालून हलवली आणि तांबडे पाणी येणे थांबेपर्यंत धुतली. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ते इथेनॉल तयार होते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही, पण जुन्या रबरी नळ्या आणि टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या गाडीतल्या पंपाचा पडदा त्याने मऊ पडतात. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालाव्यात आणि गाडी पुन्हा फार दिवस उभी राहणार असेल, तर टाकीत असे पेट्रोल ठेवू नये. इथेनॉल ओल धरते आणि टाकी आतून गंजते.

कागदपत्रांचे काम दुरुस्तीच्या बरोबरीनेच सुरू करावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. हरित कर, विमा आणि पीयूसी हे सगळे पुरे झाल्यावरच आम्ही रस्त्यावर उतरलो.

पहाटे सहाला सिद्धेश्वर तलावापासून निघालो. तुळजापूरचा घाट गाडी दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढली. रेडिएटर आधी उतरवून आतून साफ करून घेतला होता, त्याचे हे फळ. देवीचे दर्शन घेऊन नळदुर्गला गेलो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला, आदिलशाही काळातला पाणी महाल पाहायला सवड हवी, आणि तिथेच आम्ही चुकलो. भर दुपारी गाडी उन्हात उभी करून दीड तास किल्ल्यात फिरलो. परत आलो तर इंजिन नुसते फिरत होते, लागत नव्हते. बंद इंजिनाची धग वर चढून पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झाली होती. मामांनी पिशवीतला सोलापुरी टॉवेल पाण्यात भिजवून, पिळून गाडीतल्या त्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाभोवती गुंडाळला आणि बॉनेट उघडे ठेवले. वीस मिनिटांत गाडी लागली. गरम इंजिनावर थेट पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत निघणाऱ्यांनी गाडी सावलीत लावावी, पाण्याचे दोन कॅन आणि एक जाड टॉवेल बरोबर ठेवावा आणि अकराच्या आत परतीला लागावे.

संध्याकाळी घरी आल्यावर ब्रेक ऑइलची पातळी बोटभर उतरलेली दिसली. मागच्या डाव्या चाकाचा नवा सिलिंडर पाझरत होता. पहिल्या प्रवासानंतर चारही ड्रम पुन्हा उघडून पाहावेत. आम्ही ते दुसऱ्याच दिवशी केले, आणि सिलिंडर बदलेपर्यंत गाडी शेडबाहेर काढली नाही.