खारपाणपट्ट्यातली जुनी ८०० आणि तिचे पाणी

दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, माझी २००५ सालची मारुती ८०० अजून रोजच्या वापरात आहे, आणि तिच्या देखभालीविषयी लिहायचे तर इंजिनाच्या आधी पाण्याविषयी लिहावे लागते. जुनी गाडी घेतली की लोक पहिला पैसा डेंटिंग-पेंटिंगवर घालतात, दुसरा सीट कव्हरवर आणि तिसरा टेपवर. आमच्या भागात पहिला पैसा इंजिनाचे पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरवरच गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात ही गाडी गावात टिकवणे अवघड नाही. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, म्हणजे तीस वर्षे ती निघत होती. तिचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ओम्नीतही होते आणि ओम्नी तर २०१९ पर्यंत तयार होत होती. शाळेच्या मुलांची ने-आण करण्यापासून बाजाराच्या दिवशी भाजीचे कट्टे वाहण्यापर्यंत सगळ्या कामांना तालुक्यात ओम्नी लावलेल्या असल्यामुळे हे इंजिन डोळे मिटून उघडणारा मिस्त्री आमच्याकडे सहज मिळतो, आणि वॉटर पंप, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट यांसाठी अमरावती किंवा अकोल्याच्या पुढे जावे लागत नाही.

अडचण आहे ती पाण्याची. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातले पाणी खारट आहे. बोअर मारली तर पाणी लागते, पण ते पिकाला दिले तर काळी जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होते, म्हणून इथला शेतकरी विहीर असूनही कोरडवाहूच राहतो आणि खरिपाच्या ओलीवर हरभरा काढतो. ज्या पाण्याने हरभरा ओलवायला माणूस धजावत नाही, तेच पाणी तो गाडीचे बॉनेट उघडून डबकीने रेडिएटरमध्ये ओततो आणि वर म्हणतो की गाडी फार तापते.

त्या पाण्याचे आत काय होते हे बघायला रेडिएटर फोडायची गरज नाही. मे अखेरीस घरच्या कूलरच्या ताट्या पाहाव्यात. मार्चमध्ये लावलेले सोनेरी गवत दोन-अडीच महिन्यांत पांढऱ्या, करकरीत पोपड्याने भरून जाते, हवा येईनाशी होते आणि खालचा पंप क्षाराने जाम होतो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत हेच घडते. पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बाहेर पडून नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात, आणि हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही, त्यामुळे पाणी फिरत असूनही इंजिन थंड होत नाही. दुसरा घाव खारटपणाचा असतो. ८०० च्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरांचा खालचा भाग, बिडाचा आणि त्यावरचे हेड अॅल्युमिनियमचे असते. मिठाच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांशेजारी राहिले की अॅल्युमिनियम कुरतडले जाते आणि नेमक्या हेडच्या पाण्याच्या छिद्रांपाशी खड्डे पडू लागतात. त्यानंतर एखाद्या दुपारी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडी तापते, हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट उडते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइल दुधाळ होते. लोक म्हणतात, इंजिन जुने झाले होते. माझ्या मते ते इंजिन पाण्याने गेलेले असते.

म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो फेब्रुवारीत, मी सगळी यंत्रणा धुऊन घेतो. इंजिन पूर्ण थंड असताना खालचा होज सोडला की आधी गंजकट पाणी येते आणि त्यामागून गाळ. स्वच्छ पाणी भरून, हीटरची नळी उघडी ठेवून गाडी थोडा वेळ चालवायची, पुन्हा सोडायचे, आणि येणारे पाणी नितळ दिसेपर्यंत हेच करत राहायचे. तांबे-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर वरची टाकी खोलून नळ्यांत पट्टी फिरवणारे कारागीर अजून मिळतात. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला मात्र ही मारझोड सोसत नाही, तो बदललेला बरा. याच वेळी झाकणाकडेही बघावे. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते आणि दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंशांच्या बराच वर जातो. झाकणाचे रबर कडक होऊन दाब सुटू लागला की बाकी सगळे ठीक असूनही पाणी उकळून बाहेर फेकले जाते. झाकण ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षही तिच्याकडेच होते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, यावरून माझा आणि माझ्या मिस्त्रीचा वाद कायमचा आहे. तो म्हणतो, "सर, ह्या उन्हात त्याचं कामच काय? काढून फेकू ना." आमच्याकडे अर्ध्या जुन्या गाड्या अशा थर्मोस्टॅट काढूनच फिरतात. पण २००० नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत पाण्याचे तापमान सेन्सर मोजतो आणि थर्मोस्टॅट नसला की इंजिन अजून थंडच आहे असे समजून पेट्रोल जास्त सोडले जाते. पौष-माघात सकाळी आठ-दहा अंशांवर असलेल्या आमच्या हवेत अशी गाडी लवकर गरम होत नाही, लिटरमागची सरासरी पडते, आणि जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही हे घरीच कळते. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवले की त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास मधली चकती हळूच उचलली जाते आणि पाणी निवताना परत बसते. उचलली नाही तर नवा घालावा. रिकामी जागा ठेवू नये. मिस्त्रीला हे पटलेले नाही, पण माझ्या गाडीत तो नवा बसवून देतो.

भरायचे काय, याचे उत्तर सोपे आहे. तयार मिसळलेले कूलंट घ्यावे, किंवा दाट कूलंट घेऊन त्यात बॅटरीत वरून घालायचे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी निम्मे-निम्मे मिसळावे. कूलंट म्हणजे थंडीच्या मुलखातली चैन, हा आमच्याकडचा समज चुकीचा आहे. ते गोठणे टाळते तसेच उकळण्याचे तापमानही वाढवते, आणि त्यातली गंजरोधक द्रव्ये अॅल्युमिनियमला जपतात. शहानूर धरणाच्या योजनेचे नळाचे पाणी बोअरपेक्षा केव्हाही चांगले, तरी तेही वाटेत निकड पडली तरच घालावे. भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे, पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत बुडबुडे निघू द्यावेत आणि पातळी पूर्ण करावी. काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे कुत्री-मांजरी, क्वचित वासरूही त्याला तोंड लावते. डब्यात भरून, झाकण लावून बाजूला ठेवावे.

रेडिएटरला बाहेरूनही धोका असतो, तो कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंगकडे कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्यावरची रुई एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसते आणि समोरून काहीच दिसत नाही. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, आणि तीही जपून, नाहीतर पाती वाकतात. एअर फिल्टरही या दिवसांत पुस्तकात सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदलावा लागतो.

आता पत्रा. गाडी धुवायला आपण तेच बोअरचे पाणी वापरतो आणि तेही उन्हात. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. त्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत आणि दरवाज्याखालच्या पट्टीत घट्ट बसतो, तो महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो, आणि दरवाज्याच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे बुजवतो. दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी गाडी जॅकवर घेऊन, चाके काढून हा चिखल लाकडी पट्टीने खरवडून काढावा, छिद्रे तारेने मोकळी करावीत आणि शेवटचे दोन डबे तरी गोड्या पाण्याचे मारावेत. पत्रा वाळल्यावर अंडरकोटिंग, म्हणजे खालून गंजरोधक थर, केले तर उपयोग. ओल्या गंजावर काळा रंग फासला तर गंज आतल्या आत वाढतो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबरी रस्त्यांनाही लाटा येतात आणि बारा इंची चाकांच्या गाडीला त्या जास्त जाणवतात. पुढच्या चाकांना धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट हे इथे खर्चाचे नेहमीचे मानकरी आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या एक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस धरून ठेवणारी आवरणे. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत जातो, आणि वळताना कटकट ऐकू येईपर्यंत पूर्ण जॉइंट गेलेला असतो. थोडक्या पैशांचा बूट वेळीच बदलला तर मोठा खर्च वाचतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे सरासरीत थोडा फरक पडणारच. जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नाही, म्हणून मी पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घेतले आहेत, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढत असल्याने पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवत नाही.

राहिला प्रश्न पासिंगचा. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. बाजारात गाडीची जी किंमत उरली आहे ती पाहता हा आकडा अनेकांना डोईजड वाटतो आणि ते रास्तच आहे. मी मात्र हिशेब इंजिनावरून करत नाही, कारण ते पुन्हा बांधता येते. पायाखालचा मॅट उचलून पेचकसाच्या दांड्याने फ्लोअर ठोकून बघतो आणि बाहेरून दरवाज्याखालची पट्टी अंगठ्याने दाबून बघतो. पत्रा टणक वाजला तर पैसे भरायचे आणि पाच वर्षे चालवायची; पेचकस आरपार गेला तर ओम्नीला चालणारे सगळे भाग उतरवून घेऊन बाकीची गाडी रीतसर भंगारात द्यायची. गेल्या वेळी पत्रा टणक वाजला, म्हणून पैसे भरले.