दीड इंच

"स्टँड कुठंय याला?"

नाशिकजवळच्या मातोरीच्या अलीकडे रस्त्याला लागून एक टपरी आहे. फेब्रुवारीतली दुपार, दोन वाजलेले, आणि मी सायकल टेकवायला भिंत शोधत होतो. टपरीला भिंत नव्हती. शेवटी बाभळीला टेकवली.

"नाही याला स्टँड."

"मग उभी कशी करता?"

"टेकवतो कुठंतरी."

टपरीवाल्याने चहाचं पातेलं खाली ठेवलं, बाहेर आला, सायकलीभोवती एक चक्कर मारली. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. घंटी आहे, ती मी नंतर वेगळी विकत घेऊन बसवली. "कितीला पडली?"

"अठरा हजार."

"अठरा हजार, आन् स्टँड नाय," तो म्हणाला, आणि गॅसकडे परत गेला.

अठरा हजार हा माझा ठरलेला आकडा आहे. टपरी, पेट्रोल पंप, सिग्नल, लग्नकार्य, सगळीकडे हाच. घरी बावीस सांगितलाय. खरा आकडा मला आणि बँकेला माहीत आहे, आणि बँक बोलत नाही. अठरासुद्धा लोकांना जास्तच वाटतात, पण ते हळहळून सोडून देतात. खरा सांगितला तर माझ्याविषयी त्यांचं जे मत होईल ते बरोबर असेल, म्हणून भीती वाटते.

तसं नाशिकमध्ये आता कोणी कोणाला हसत नाही. २०१५ साली इथले डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आळीपाळीने सायकल मारत नऊ दिवसांच्या आत पोचले. रेस अक्रॉस अमेरिका, सुमारे ४,८०० किलोमीटर. तेव्हापासून गावात हेल्मेटची पीकपाणी चांगली आहे. पहाटे गंगापूर रोडला जाऊन बघा, घट्ट कपड्यांतले पन्नाशीचे गृहस्थ लाल दिवे लुकलुकवत सोमेश्वरकडे निघालेले असतात. मी त्यांच्यात बसत नाही. मला पहाटे जाग येत नाही. मी दुपारी निघतो, एकटा, जेवून.

सायकल घेतली तेव्हा दुकानातल्या पोराने समजावलं होतं, "सर, ही ऑलरोड आहे. डांबरावर रोड बाइकसारखी पळते, कच्च्यावर ग्रॅव्हल बाइकसारखी चालते."

"मग रोड आणि ग्रॅव्हल कोण घेतं?"

"ते पण घेतात सर. काहीजण तिन्ही घेतात."

मी एकच घेतली, हे माझ्या बाजूने लक्षात घ्यावं. वाकवलेलं हँडल, डिस्क ब्रेक, अडतीस मिलिमीटरची टायरं. टायरांवर तो फार वेळ बोलला. जुन्या रोड सायकलींना तेवीस असायची, आता अठ्ठावीस-तीस झाली, ग्रॅव्हलला चाळीसच्या पुढे. अडतीस म्हणजे सर, मधला सुवर्णमध्य. मधला आणि मध्य एकदमच म्हणाला, पण मी तेव्हा भारावलेला होतो.

सायकल घरी आली ती लिफ्टमधून, मागच्या चाकावर घोड्यासारखी उभी करून. तिची जागा गॅलरीत ठरली, आप्पांच्या खुर्चीशेजारी. आप्पा, माझे वडील, ब्याऐंशीचे आहेत. गुडघ्यांनी मान टाकल्यापासून गॅलरी हाच त्यांचा मुलूख. त्यांनी चष्मा वर सरकवला, हात लांब करून पुढचं टायर अंगठ्याने दाबलं, मग तर्जनी आणि अंगठ्यात त्याची रुंदी धरली.

"दीड इंची," म्हणाले. आणि पेपर उघडला.

मी आत जाऊन गणित केलं. अडतीस भागिले पंचवीस पूर्णांक चार. एक पूर्णांक चारशे शहाण्णव सहस्रांश. दीड इंच!

आप्पांच्या सायकलीच्या टायरवर काळ्यावर काळ्या उठावदार अक्षरांत २८ × १½ लिहिलेलं असायचं. त्या काळात देशभरच्या बहुतेक काळ्या सायकलींवर तेच असायचं. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर, सगळे दीड इंची. रिमच्या व्यासातसुद्धा काय तो तेरा मिलिमीटरचा फरक, जुनी ६३५, नवी ६२२. म्हणजे मी जे सुवर्णमध्य म्हणून विकत आणलं त्यावरून आप्पा पंचवटीतून रोज नाशिकरोडला प्रेसमध्ये जात होते. जाताना दहा, येताना दहा. रस्ता कोणता आहे हे त्या सायकलीला कोणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. वजन मात्र वीसएक किलो. आणि स्टँड होता, दोन पायांचा, एकदा लावला की वर पोर बसवून मागचं चाक हवेत फिरवता यायचं.

चहा झाला. टपरीच्या मागून एक वाट पाटाकडे जाते, तिला लागलो. पाट म्हणजे गंगापूर धरणाचा डावा कालवा. गावात कॅनॉल म्हणतात, आम्ही घरी पाटच म्हणत आलो.

या वाटेला ग्रॅव्हल म्हणायला माझी जीभ वळत नाही. दुकानातला पोरगा ग्रॅव्हलचं मराठी 'खडी' सांगत होता. त्याला खडी माहीत नाही. खडी ही रस्ता व्हायच्या आधीची यातना आहे. 'खडीकरण व डांबरीकरण कामाचा शुभारंभ' असा फलक लागतो, नारळ फुटतो, त्यातलं खडीकरण होतं आणि डांबरीकरण पुढच्या निवडणुकीला येतं. मधल्या काळात तो टोकदार काळा दगड माणसाला पायीसुद्धा चालू देत नाही. ग्रॅव्हल म्हणजे मुरूम. पिवळट, तांबूस, बोटात धरला तर थोडा कुस्करणारा. आपल्याकडचा काळा कातळ ऊनपाऊस खाऊन मऊ पडला की त्याचा मुरूम होतो, आणि त्यावरून दोन पावसाळे नि एक द्राक्षाचा हंगाम गेला की त्याची ही वाट होते. मधोमध गवताची पट्टी, दोन्हीकडे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. चाकाखाली त्याचा आवाज पापड मोडल्यासारखा येतो. जुलैत मात्र इकडे फिरकू नये. मुरूम संपून जिथे काळी माती लागते तिथे ती चिमट्यात जाऊन अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मग ऑलरोड असो की चोवीस इंची.

आप्पांची चोवीस इंची होती, चोवीस ही फ्रेमची उंची. पुढच्या दांडीला जुना टॉवेल गुंडाळून सुतळीने बांधलेला, ती माझी जागा. दोन्ही पाय एका बाजूला, हात हँडलच्या मध्यावर, डोक्यावर आप्पांची हनुवटी. रविवारी आत्याकडे जायचो, मुंगसऱ्याला. मखमलाबाद गावापर्यंत डांबर होतं. तिथून आत वळलं की आप्पा फक्त म्हणायचे, "धर."

धरायचो. आणि तोंड उघडायचो.

आऽऽऽ.

तुम्हीही केलं असेल. बैलगाडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एसटीच्या शेवटच्या बाकावर. आपण सरळ आ सोडतो आणि रस्ता त्याचे तुकडे करून परत देतो. अ-अ-अ-अ-अ. मी पाढेही म्हणत असे. बे-ए-ए-के-बे-ए. एकदा सतराचा पाढा अख्खा म्हटला आणि कुठे चुकला हे आप्पांना कळलं नाही, कारण सगळाच चुकल्यासारखा येत होता.

आप्पा घरात फारसे बोलत नसत. पाळी करून यायचे, जेवायचे, झोपायचे. पण पाटावर कधीतरी, माझा श्वास संपला की वरून त्यांचा आ सुरू व्हायचा. जाड, खालच्या पट्टीतला, छातीतून माझ्या पाठीत उतरणारा. मग मीही पुन्हा लावायचो. पुढचं चाक खड्यावर चढलं की माझा आ तुटायचा, क्षणभराने मागचं चढलं की आप्पांचा. पाट संपून आत्याची बाग दिसली की ते पहिल्यांदा गप्प व्हायचे. आत्याच्या दारात पोचेपर्यंत तर ते पुन्हा प्रेसमधले झालेले असायचे.

तर त्या दुपारी पाटावर कोणी नव्हतं. पाण्याचं आवर्तन चालू होतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि आ लावला.

सरळ गेला. एखाद्या गवयाने षड्ज लावावा तसा, फक्त बेसूर. मध्ये एका दगडावर जरासा लचकला, पुन्हा सरळ.

याचं कारण मला माहीत आहे, टायर घेताना रात्र रात्र वाचलंय. टायर जितकं कडक तितकी सायकल वेगवान असा पूर्वी समज होता. लोखंडी गुळगुळीत ड्रमवर फिरवून बघितलं की तसंच निघायचं. रस्ता ड्रमसारखा नसतो. कडक टायर बारीक खड्यावरसुद्धा उडतं, सोबत सायकल आणि माणूस उडतो, आणि ती उडी माणसाच्या मांसात नि हाडांत जिरते. पायाने लावलेली ताकद पुढे न जाता अंग हलवण्यात वाया जाते. म्हणून टायर रुंद घ्या, हवा कमी ठेवा, टायर खडा गिळून टाकतं. माझ्या वजनाला मी हवा चाळीस पीएसआयच्या आसपास ठेवतो.

म्हणजे ताकदीची जी नासाडी या लोकांनी एवढ्या मेहनतीने बंद केली, ती माझा आ होता.

मी उतरलो. सायकल टेकवायला काही नव्हतं, आडवी टाकली. फ्रेमला लावलेला छोटा पंप काढला. या सायकलीचे वॉल्व्ह टाचणीसारखे बारीक असतात, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्यांना लागत नाही, म्हणून हा बाळगावा लागतो. तो वीतभर असल्यामुळे एका झटक्यात चिमूटभर हवा जाते. दोन्ही चाकांत पासष्ट भरायला मला वीसेक मिनिटं लागली असतील. पलीकडच्या बागेत बायका द्राक्षं काढत होत्या. एकीने हाक मारून विचारलं, "पंचर झाली का काका?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

मग बसलो, चाकोरी सोडून मुद्दाम खडबडीत कडेला घेतली, आणि तोंड उघडलं.

अ-अ-अ-अ-अ.

अगदी तसाच नाही. थोडा घशातून. पण तुटत होता. दरी गावाच्या फाट्यापर्यंत मी सतराच्या पाढ्याला लागलो होतो आणि आता तो मला खरोखरच येत नाही असं लक्षात आलं. मनगटं बधिर झाली, कंबर दुखायला लागली. मागचा आ नव्हता. पण तो येणार कुठून.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. सायकल लिफ्टमधून वर आणली, गॅलरीत भिंतीला टेकवली. आप्पा जागे होते. सवयीने हात लांब केला, अंगठ्याने टायर दाबलं. दबलं नाही. पुन्हा दाबलं. मागचंही बघितलं, त्यासाठी खुर्चीतून अर्धे उठले.

"कडक झालीय," म्हणाले. "काढ थोडी."

"असू द्या आप्पा. आजच्या दिवस."