वहिनीच्या कॅप्सूल
आज वहिनीला घेऊन धंतोलीला तपासणीला गेले होते. पाचवा महिना सुरू आहे. डॉक्टरांनी फिश ऑइल लिहून दिलं आणि मेडिकलवाल्यानं समोर ठेवलं कॉड लिव्हर ऑइल, म्हणजे कॉड माशाच्या यकृताचं तेल! लगेच परत केलं. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर. गरोदरपणी ते जास्त झालं तर बाळालाच धोका.

साध्या फिश ऑइलमधल्या ईपीए-डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांपासून शरीर रिझॉल्व्हिन नावाचे रेणू बनवतं, आणि ते दाह शमवायला मदत करतात. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात गरोदरपणातल्या ओमेगा-३ च्या ७० चाचण्या तपासल्या होत्या. ओमेगा-३ घेणाऱ्या बायकांमध्ये ३४ आठवड्यांआधीची प्रसूती ४२ टक्क्यांनी कमी आढळली. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आई म्हणाली, "घरी जवसाची चटणी आहे ना?" चटणी खावीच, पण जवसातून डीएचए फारच थोडं बनतं. वहिनी मासोळीला हात लावत नाही, तेव्हा कॅप्सूलच बऱ्या.