तुम्ही विचारलंत म्हणून: जाऊशी नीट का बोलत नाही

चर्च सुटलं की कोणीतरी विचारतंच. काहो ताई, एवढं बायबल वाचता, प्रार्थनेला पुढे असता, मग धाकट्या जाऊशी नीट काहून बोलत नाही? महिला मंडळात विचारतात, माहेरी विचारतात, परवा तर रिसोडच्या बाजारात भाजीवालीनं विचारलं, आणि ती आमच्या मंडळीतली पण नाही. तर घ्या एकदाचं.

धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं, भांडण तुम्हाला माहीतच आहे. दिरानं धुरा कोरला, मोजणी झाली, खुणेचे दगड लागले, पुढच्या वखरणीला दगडच गायब. पिकाच्या दोन ओळींची, दोन तासांची, जमीन गेली आमची. ते परत सांगत बसत नाही, सांगायला लागले तर थांबणार नाही, तोच तर माझा रोग. कोण कधी काय बोललं, कोणाच्या लग्नात कोणती साडी मिळाली, सगळं तारीखवार डोक्यात. लहानपणापासून. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, देवाच्या हातात द्या, तो तुम्हाला बदलेल. देते हो. सकाळी देते आणि संध्याकाळी परत मागून घेते.

प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे' ही ओळ आली की मी ओठ मिटून घ्यायची. देवासमोर खोटं कशाला बोलायचं? तेव्हा मला हा मोठा खरेपणा वाटायचा. आता वाटतं खरेपणा कसला, सोडायचंच नव्हतं. पण मग तोंडानं म्हणून मनात ठेवणारे माझ्यापेक्षा बरे का? तेही पटत नाही.

२०२५ च्या जानेवारीत चर्चमध्ये कापणीचा सण होता. कोणी सोयाबीन आणलं, कोणी कोहळं, कोणी कोंबडी पाय बांधून, आणि उपासनेनंतर आवारात सगळ्याचा लिलाव. जाऊनं तुरीचं टोपलं आणलं. स्वच्छ पाखडलेली, एक काडी नाही त्यात. कोणत्या तासातली ते तुरीवर लिहिलेलं नसतं, पण मला बसल्या जागी कळलं. चारेक किलो असेल, हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ७,५५० रुपये, म्हणजे तीनशेचा माल. कोणीतरी दोनशे म्हटलं. मी पाचशे म्हटलं. आपली तूर आपल्या घरी यावी म्हणून, दुसरं काही नाही. तिच्या भावानं सहाशे केले तशी मी पेटलेच. अकराशेला सुटलं. टाळ्या काय, आलेलूया काय! पाळकसाहेबांचा आवाज भरून आला, माईकवर म्हणाले, यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात लिहिलंय तसं देव दगडाचं हृदय काढून टाकतो, बघा. जाऊ पदर तोंडाला लावून रडत होती, तिलाही तेच वाटलं. आणि मी टोपलं मांडीवर घेऊन चूप. उभं राहून काय सांगू, की ही खुन्नस आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात. "बाई, माह्यं टोपलं देता का?"

"घे ना, चुलीजवळ आहे."

टोपलं घेतलं तरी उभीच. मग म्हणे, "लवकर शिजते का?"

"शिजते."

एवढंच. पण धुऱ्यानंतरचं ते पहिलं बोलणं. आता दुखण्याखुपण्यापुरतं बोलतो. मग हे देवानं केलं का माझ्या हट्टानं? पाळकसाहेब म्हणतील देव हट्टही वापरतो. असेल. पण मी आतून तीच आहे, तारखा सगळ्या पाठ आहेत.

बायबलात प्रेषितांच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात पौल आणि बर्णबा या दोघा प्रचारकांचं, मार्काला सोबत न्यायचं का यावरून, इतकं वाजलं की बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. तोच पौल पुढे तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं, आधी कोण बोललं, कोणाच्या दारात कोण गेलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला तर तेवढंच पाहिजे होतं.

आणि हो, नव्या मोजणीचा अर्ज मीच केलाय, तो मागे घेणार नाही. क्षमा केली तरी दगड जागेवर लागले पाहिजेत असं माझं म्हणणं, पाळकसाहेबांना ते पटत नाही. पुढच्या रविवारी याच्यावर विचारायचं असेल तर त्यांना विचारा.