सत्तरीतल्या फळ्या

मे अखेरीस गोव्याला जाऊ नका, असं सगळेच सांगतात. ते उकाड्यापायी सांगतात, मी टँकरपायी सांगते. कळंगुटला ज्या लॉजवर उतरलो होतो तिथे पहाटेच टँकरचा घरघराट सुरू व्हायचा. बाथरूमच्या दारावर ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी, आणि खिडकीतून खाली बघावं तर पोहण्याचा तलाव काठोकाठ! मी लातूरची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावलेली. आमच्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, गोव्यात तीन हजारांच्या आसपास. मग इथे टँकर कशाला? गोव्यात 2002 चा भूजल कायदा आहे, विहीर नोंदवावी लागते, टँकरने पाणी न्यायचं तर परवानगी लागते. लॉजवाल्याला विचारलं, हे पाणी कुठल्या विहिरीचं? तो म्हणाला, “मॅडम, आज नाश्त्याला पोहे आहेत.”

किनारा, मासे, गर्दी यांवर लिहिण्यासारखं काही नाही. सामान उचललं आणि गोव्याच्याच सत्तरी तालुक्यात ताईकडे गेलो. ताई माझी मामेबहीण, म्हादई नदीकाठच्या एका गावात दिलेली. येताना बेळगावहून चोर्ला घाटाने उतरलो होतो तेव्हा कणकुंबीला कळसाचा कालवा दिसला होता, म्हादईला मिळणाऱ्या कळसा ओढ्याचं पाणी कर्नाटकाकडे वळवण्यासाठी खोदलेला. त्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण वर्षानुवर्षं चाललंय. 2018 मध्ये लवादाने टीएमसीत (अब्ज घनफुटांत) वाटे घालून दिले, तरी मिटलेलं नाही. ताईकडे पोचेपर्यंत मला तो पेपरातलाच विषय वाटत होता.

ताईच्या सासऱ्यांना अख्खं गाव आबा म्हणतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, “बाय, चल, फळ्या काढायच्या आहेत.”

या फळ्या नदीवरच्या बंधाऱ्याच्या. बंधारा म्हणजे नदीत ओळीने उभे खांब. खांबांना खाचा, खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन रांगा आणि मधे ठासलेली चिकणमाती. पाऊस सरला की फळ्या बसवायच्या आणि नवा पाऊस यायच्या आत काढायच्या. राहिल्या तर पुरासोबत आलेले ओंडके तिथे अडकतात आणि पाणी बाजूचा काठ फोडून वाट काढतं. ऐकायला सोपं आहे. सहा महिने पाण्यात फुगलेली फळी मात्र खाचेतून सुटता सुटत नाही. दोघे पहारीने उचकटत होते, तिसरा कडीत दोर घालून ओढत होता. वरची फळी कुरकुरत निघाली, मागोमाग काळ्या मातीचा लगदा घसरला आणि फटीतून पाण्याची जाड पट्टी उसळली. खालच्या बाजूला पोरं जाळी घेऊन टपलेलीच होती.

काठावर वेगळीच जुंपली होती. खालच्या कुळागराचा, म्हणजे सुपारीच्या बागेचा, मालक म्हणत होता, अजून आठवडाभर थांबा, माझ्या पोफळी सुकतील. आबांचं एकच, “ढग तुला विचारून येतील काय रे?” मला त्या माणसाचं पटत होतं. पण आबांच्या घरी जेवायचं होतं, गप्प बसले.

खरी गंमत घरामागच्या विहिरीवर कळली. चिऱ्याची बांधीव विहीर, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आबांनी दोराला हातहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या. फळ्या काढायच्या आदल्या संध्याकाळी पोहरा सातव्या गाठीला पाण्याला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवी गाठ सोडावी लागली, तिसऱ्या दिवशी दहावी. आबा म्हणाले, “फळ्या होत्या तोवर नदीचं पाणी काठात मुरायचं. आता काठातलं उलट नदीत जायचं.” आमच्याकडे जलसंधारणाची शिबिरं पुष्कळ झाली, मी तीही बसून ऐकलीत. पण नदी आणि विहिरीचं नातं असं डोळ्यांदेखत दोरावर मोजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

इथला जांभा दगड पाऊस पितो खरा, पण धरून ठेवत नाही. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर, पडलेलं पाणी पायथ्याच्या झरींतून निघून जातं, आणि घाटापासून समुद्र इतका जवळ की नदीला पोचायला कितीसा वेळ लागणार! उन्हाळ्यात वरून गोडं पाणी कमी झालं की भरतीचं खारं पाणी मांडवीतून (म्हादईचंच खालचं नाव) वर सरकतं. भरतीचा जोर पार आतल्या गांजे गावापर्यंत जाणवतो. म्हणून फळ्या. तीन हजार मिलिमीटरच्या राज्यात टँकर का, याचं उत्तर मला लॉजवर मिळणार नव्हतंच. पण ज्या मुलखात लोक खाचांत माती ठासून उन्हाळा काढतात, तिथून काही मैलांवर तलाव भरायला टँकर लागतो, हे कळल्यावर राग कमी झाला नाही, वाढला.

निघताना आबांनी विचारलं, “तुमच्याकडे विहीर किती खोल?” म्हटलं, विहीर आटली, बोअर आहे, सातशे फूट. त्यांनी ताईकडे बघितलं, ही थट्टा करते का म्हणून.

पाऊस आठवड्याने आला. ताई फोनवर सांगत होती, तोवर कुळागरवाल्याने आबांशी बोलणं टाकलं होतं, आणि अजून टाकलेलंच आहे.